दिवसभराची मावशी

धाकटीला राग येतो, ही गोष्ट त्या घरात कोणाच्या गावीही नव्हती. थोरल्या सुनेला राग आला की तो शेजारपाजारच्यांनाही कळायचा. मधलीला आला की ती खोलीचं दार आपटायची आणि बरोबर जेवणाच्या वेळेला बाहेर यायची. सासूबाई रागावल्या की बोलणं टाकायच्या. धाकटीचं तसं काही नव्हतं. ती रागावली की भांडी घासायची, आणि भांडी तर ती एरवीही घासायचीच. मग फरक कळायचा कोणाला?

पण राग होता, आणि चांगला मुरलेला होता. नाताळच्या सुट्टीत सगळं घर पोराबाळांना घेऊन मेळ्याला गेलं, त्या दिवशी तो बाहेर आला. नंतर घरातले म्हणायला लागले, "हिला एकदम काय झालं कोण जाणे!" एकदम वगैरे काही झालं नव्हतं. ह्यांनी बघितलं नव्हतं, एवढंच.

धाकटी एका पाळणाघरात काम करायची. दोन खोल्या आणि एक व्हरांडा. भिंतींवर रंगवलेले ससे, कोपऱ्यात गाद्यांची चळत, दाराशी चिमुकल्या बुटांचा ढीग. सकाळी आईबाप घाईघाईने मुलं आणून सोडत, संध्याकाळी घाईघाईने घेऊन जात, आणि मधला अख्खा दिवस धाकटीच्या वाट्याला येई. भरवा, धुवा, पुसा, थोपटा. कोणी कोणाला चावलं तर चावलेल्याला जवळ घ्या आणि चावणाऱ्यालाही घ्या, कारण तोही रडतोच. मुलं तिला मावशी म्हणायची. तिथे काम करणाऱ्या सगळ्याच बायका मावश्या होत्या. जिचं पाळणाघर ती एकटी तेवढी बाई.

धाकटीचा मुलगाही तिथेच असायचा. नाव त्याचं चांगलं भारदस्त होतं, पण लहानपणापासून दोन्ही हातांत काहीतरी धरून कुरतडत बसायची सवय, म्हणून सगळे त्याला खारू म्हणत. आता पाचव्या वर्षात होता. बाईंनी त्याला फुकट ठेवून घेतलं होतं, आणि हा उपकार त्या महिन्यातून एकदा तरी आठवून दाखवत. उपकाराला एक अट होती. पाळणाघराचं दार ओलांडलं की खारूने आईला आई म्हणायचं नाही.

"बाकीची मुलं ऐकतात ना," बाई म्हणाल्या होत्या. "ह्याने आई म्हटलं की त्यांना त्यांची आई आठवते. एक रडलं की सगळी रडतात. इथे तू सगळ्यांची मावशी, तशी त्याचीही. त्याला समजावून सांग, हुशार आहे तो."

आणि बाई खोटं बोलत नव्हत्या, हीच तर पंचाईत होती. पहिल्याच दिवशी खारूने खोलीभर "आई, आई" केलं होतं आणि अर्ध्या तासात सगळं पाळणाघर टाहो फोडत होतं. एक मुलगी तर दाराच्या कडीला लोंबकळली होती. धाकटीने ते पाहिलं आणि मान डोलावली. नोकरी हवी होती, मूल डोळ्यांसमोर हवं होतं. तिने समजावलं, आणि खारूला समजलं. इतकं नीट समजलं की बाकीच्या मावश्या कौतुक करायच्या. सकाळी बाहेरच्या पायरीवर उभा राहून तो दोन-चारदा "आई, आई, आई" म्हणून घ्यायचा, साठवून ठेवल्यासारखं, आणि मग बूट काढून आत जायचा. आत गेला की मावशी. खाऊच्या रांगेत तो शेवटचा, कारण आपल्याच पोराला आधी दिलं असं कोणी म्हणायला नको. दोघं एकदम पडले तर धाकटी दुसऱ्याला आधी उचलायची. खारू आपला आपण उठायचा, गुडघे झाडायचा आणि पडलेल्या दुसऱ्याला सांगायचा, "रडू नको हं, तुझी आई संध्याकाळी येणार आहे."

हे ऐकून बाकीच्या मावश्या हसायच्या. धाकटीही हसायची. मग घरी जाऊन भांडी घासायची.

नाताळची सुट्टी जाहीर झाली तेव्हा खारूने तिच्याकडे एकच गोष्ट मागितली. मेळ्यात लहान मुलांची आगगाडी असते, असं त्याला कोणीतरी सांगितलं होतं. "त्या गाडीत तू माझ्याजवळ बसशील? फक्त माझ्याजवळ?"

"फक्त तुझ्याजवळ," धाकटी म्हणाली. "अख्खा दिवस मी तुझी. मध्ये कोणी नाही." तिने शब्द दिला, आणि तो पाळायचा असं मनाशी पक्कं केलं. आयुष्यात फार शब्द द्यायची तिच्यावर वेळ आली नव्हती, त्यामुळे दिलेला तिला मोठा वाटत होता.

आता कुटुंबाबरोबर मेळ्याला जाणं म्हणजे काय, हे ज्यांना कुटुंब आहे त्यांना सांगायला नको. सासूबाई गुडघ्यांमुळे घरी राहिल्या. बाकी तिघे भाऊ, तिघी जावा आणि पाच पोरं निघाली. थोरलीची सात वर्षांची लेक आणि मांडीवरचं बाळ, मधलीचे तीन वर्षांचे जुळे, आणि खारू. थोरलीने सगळ्यांसाठी लाल टोप्या आणल्या होत्या, टोकाला पांढरा गोंडा असलेल्या. बाळाची टोपी त्याच्या नाकापर्यंत येत होती आणि ते संतापून गेलं होतं. त्या सकाळी खऱ्या मनाने रागावलेलं तेवढं एकच, असं सगळ्यांना वाटत होतं.

मेळा मोठ्या मैदानावर होता. मध्यभागी दिव्यांनी मढवलेलं उंच झाड, भोवती दुकानं, पाळणे, घोड्यांचं चक्र, एका बाजूला लाल झग्यातले नाताळबाबा आणि त्यांच्यापुढे मुलांची ही मोठी रांग. कर्ण्यांवरून गाणी वाजत होती. केकचा आणि साखरेचा वास येत होता. आगगाडी अगदी पलीकडच्या टोकाला होती. तिची शिट्टी ऐकू आली तसा खारू टाचा उंचावून बघायला लागला.

"आधी गाडीत बसू," धाकटी म्हणाली.

"अगं, बसा की, दिवस पडलाय," थोरली म्हणाली आणि बोलता बोलता बाळ तिच्या हातात दिलं. "जरा धर ह्याला. मी पलीकडे शाली बघून येते. तुझ्याकडे कसा गप्प राहतो बघ! तुला सवय आहे बाई."

मधलीने तर तेवढंही सांगितलं नाही. जुळ्यांचे हात धाकटीच्या हातात कोंबले आणि म्हणाली, "दोन मिनिटं हं." दोन मिनिटं कशाला म्हणतात, हे मधलीला घड्याळ बघूनही सांगता आलं नसतं. भाऊ लोक चहाच्या गाड्याकडे वळले होतेच. धाकटीने नवऱ्याकडे पाहिलं. तो जाता जाता म्हणाला, "सांभाळशील ना? तुझ्या हातातलंच काम आहे."

तुला सवय आहे. तुझ्या हातातलंच काम आहे. ही दोन वाक्यं धाकटीने इतक्यांदा ऐकली होती की तिच्या तळपायाची आग मस्तकात जायला आता वेळही लागत नसे. सवय आहे म्हणजे काय? वाण्याला कोणी लग्नात साखर तोलायला बसवतं का? डॉक्टर पाहुणा आला म्हणून सगळं घर त्याच्यापुढे जिभा काढून उभं राहतं का? पण पाळणाघरातली बाई सहलीला आली की तिच्या कडेवर पोर दिलंच पाहिजे. ते काम आहे असं कोणाला वाटतच नाही. तो तिचा स्वभाव आहे म्हणे!

हे सगळं ती मनात बोलली. तोंडाने काहीच नाही. एव्हाना जुळ्यांपैकी एक दुकानाच्या टेबलाखाली शिरला होता आणि दुसरा जमिनीवर पडलेलं काहीतरी तोंडात घालत होता. धाकटीने बाळ खांद्यावर टाकलं, दोनदा टाळी वाजवली आणि पाळणाघरातल्या आवाजात म्हणाली, "चला, हात धरा सगळ्यांनी! रांग कुठंय?"

त्या टाळीने सगळं बदललं. धाकटीच्या ते ध्यानात आलं नाही, खारूच्या मात्र आलं. तो आत्तापर्यंत तिच्या ओढणीचं टोक धरून चालला होता. टाळी ऐकली तसं त्याने टोक सोडलं, निमूटपणे मागे गेला आणि रांगेत सगळ्यांच्या शेवटी उभा राहिला.

"मावशी," तो मागून म्हणाला, "झाली रांग."

थोरली शालींच्या दुकानापाशीच होती. तिने ऐकलं आणि खो खो हसली. "अगं ऐकलंस का, हा तुला मावशी म्हणतोय! मधले, इकडे ये, ऐक तरी! आपल्या आईला मावशी! मग आई कोण रे तुझी?"

मधलीही हसली. दुकानदार हसला. खारू गोंधळून एकदा थोरलीकडे आणि एकदा आईकडे बघत राहिला. धाकटीचा चेहरा तापला. "आई म्हण रे, राजा," ती म्हणाली, पण तेवढ्यात बाळाने तिच्या खांद्यावर दूध ओकलं, एक जुळा हात सोडून पळाला, आणि ते वाक्य तसंच कुठेतरी पडून राहिलं.

आगगाडीकडे जायचं होतं, पण जुळ्यांना नाताळबाबा दिसले. त्यांनी असा हट्ट धरला की चालणारे लोक थांबून बघायला लागले. "हे झालं की लगेच गाडी," धाकटीने मागे वळून खारूला सांगितलं. खारूने मान हलवली. त्याने कधी हट्ट केलाच नव्हता. रांग मुंगीच्या पावलांनी सरकत होती. एका जुळ्याला शू आली, दुसऱ्याला तहान लागली, बाळाची टोपी पडली. थोरलीच्या लेकीला तिच्या वर्गातली मैत्रीण दिसली आणि ती हात सोडून तिच्याशी बोलायला गेली. तिच्या दुसऱ्या हातात खारूचा हात होता, हे तिने कोणाला सांगितलं नाही.

गाणं थांबून कर्ण्यावरून एक आवाज आला. "लक्ष द्या. निळा स्वेटर, लाल टोपी घातलेला एक लहान मुलगा आमच्याकडे आहे. तो आपल्या मावशीबरोबर आला आहे. मावशींनी मुलांच्या तंबूत यावं."

"कसल्या एकेक बेफिकीर मावश्या असतात," धाकटी शेजारच्या बाईला म्हणाली. मनापासून म्हणाली. दुसऱ्याचं मूल सांभाळायला घ्यायचं आणि असं हरवू द्यायचं! तिच्या पाळणाघरात असं एकदाही घडलं नव्हतं. आणि हे म्हणता म्हणताच, सवयीने, तिने मागे वळून डोकी मोजली. बाळ, दोघे जुळे, मैत्रिणीशी बोलणारी मुलगी. तिने पुन्हा मोजली.

निळा स्वेटर तिने स्वतः सकाळी त्याच्या डोक्यातून घातला होता.

मग ती धावली. बाळ खांद्यावर, जुळ्यांना एका हाताने ओढत, मुलीला हाका मारत. थोरली शाल अंगावर टाकून आरशात बघत होती. धाकटीने बाळ तिच्या पुढ्यातल्या शालींच्या ढिगावर ठेवलं, जुळे मधलीच्या पायांशी सोडले आणि "खारू हरवला" एवढंच सांगून पळत सुटली. मागून थोरली ओरडली, "अगं, मुलांकडे लक्ष नको का द्यायला!" हे वाक्य धाकटीने धावता धावता ऐकलं, आणि पुढे कितीतरी दिवस ते तिच्या कानांतून गेलं नाही.

मुलांचा तंबू प्रवेशद्वाराशी होता. दारात पिवळं जॅकेट घातलेली एक धिप्पाड बाई खुर्ची टाकून बसली होती. तिच्या मागे, आत, दोन-तीन मुलांच्या रडण्याचा आवाज येत होता.

"माझा मुलगा आहे इथे," धाकटी धापा टाकत म्हणाली. "निळा स्वेटर."

"तुम्ही कोण?"

"आई."

जॅकेटवालीने तिला नखशिखांत न्याहाळलं. "तो तर मावशीबरोबर आलोय म्हणाला."

"मीच ती. म्हणजे मी आई, पण तो मावशी म्हणतो."

"आईला मावशी म्हणतो?"

"पाळणाघरात. मी पाळणाघरात असते, तिथे तसं म्हणायचं असतं."

"हे काय पाळणाघर आहे?" जॅकेटवाली म्हणाली. "बाई, मी त्याला विचारलं, तुझी आई कुठंय. तर म्हणतो कसा, इथे सांगायचं नाही. पोर असं बोलल्यावर आम्ही काय समजायचं? उद्या कोणीही येईल आणि म्हणेल मी आई!"

ती वाईट बाई नव्हती. आपलं काम नीट करत होती. दुसऱ्या कोणत्याही दिवशी धाकटीने तिची बाजू घेतली असती. पाळणाघरातही ओळख पटल्याशिवाय ती कोणाच्या हाती मूल देत नसे. पण तंबूत तिचं पोर होतं आणि दारात ही बाई आडवी, आणि धाकटीला तिचं जॅकेट धरून तिला बाजूला करावंसं वाटलं.

"फोटो दाखवते," म्हणून तिने फोन काढला. फोनमध्ये फोटोच फोटो होते. रोज दुपारी मुलं जेवताना, खेळताना, झोपताना फोटो काढून आईबापांना पाठवायचे, हाही बाईंचाच नियम. ते फोटो मावत नाहीत म्हणून घरचे सगळे तिने नवऱ्याच्या फोनमध्ये टाकले होते. जॅकेटवालीने एक फोटो पाहिला, दुसरा पाहिला. खोलीभर मुलं, आणि अगदी कडेला, अर्धा कापला गेलेला खारू.

"ही सगळी तुमचीच का?" तिने विचारलं.

धाकटीने नवऱ्याला फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. चहाच्या गाड्याशेजारी बँड लागला होता. तिसऱ्यांदा ती नुसत्या वाजणाऱ्या फोनवर ओरडली, "उचला ना!" दोन-चार माणसं वळून बघायला लागली. धाकटीला त्यांचं काही वाटलं नाही. जॅकेटवालीला मात्र वाटलं असावं, कारण ती जरा सरकून म्हणाली, "आत या. त्याला समोर विचारते. पण मुलाचे वडील येईपर्यंत हात लावायचा नाही."

आत सतरंजीवर चार मुलं होती. तीन रडत होती. चौथा खारू. तो गुडघ्यांवर बसून एका झिपऱ्या मुलीचं नाक कागदी रुमालाने पुसत होता, बाहेरून आत, जसं धाकटी पुसते तसं. "रडू नको हं," तो सांगत होता, "तुझी आई येणार आहे संध्याकाळी."

त्याने मान वर केली आणि धाकटीला पाहिलं. चेहरा उजळला, तोंड उघडलं, 'आ'चा आकारही झाला. मग त्याने त्या तिघांकडे पाहिलं आणि तोंड मिटलं.

"मावशी," तो म्हणाला, "ही पडली होती. एकटीच होती. म्हणून मी थांबलो."

"बघा," जॅकेटवाली म्हणाली.

"खारू," धाकटी म्हणाली, "ह्यांना सांग मी तुझी कोण. आई म्हण."

त्याने हातातल्या रुमालाची घडी घातली.

"म्हण ना रे! आई म्हण! घरी म्हणतोस ना? म्हण!" तिचा आवाज चढला. आपण त्याच्यावर ओरडतोय हे तिला कळत होतं, आणि ह्या ओरडण्याची खरी मालकी कोणाची हेही कळत होतं, पण ती माणसं समोर नव्हती आणि हा होता. खारूचे डोळे भरून आले. तो उठला, तिच्याजवळ आला आणि अगदी हळू, तिच्या ओढणीत तोंड घालून म्हणाला, "आई म्हटलं की ती रडतील ना."

"ती रडतायतच की!"

"जास्त रडतील."

धाकटी मटकन सतरंजीवर बसली. ह्या पोराला आपण काय शिकवून ठेवलं! नाही, शिकवायला लावलं. तिला बाईंचा गोड आवाज आठवला, हुशार आहे तो. हुशार आहेच. इतका हुशार की हरवल्यावरसुद्धा त्याने आईचं नाव काढलं नाही, दुसऱ्यांच्या पोरांना त्रास नको म्हणून. आणि समोर तीन मुलं रडतच होती. एक तिच्या मांडीकडे सरकलं, कारण मांडी दिसली की मुलं सरकतातच. तिने त्याला घेतलं. संताप तसाच होता, तरी हात त्या परक्या पोराला थोपटायला लागले. खारू शेजारी बसून राहिला, मांडी मोकळी व्हायची वाट बघत.

जॅकेटवाली दारातून सगळं बघत होती. आता तिने काही विचारलं नाही.

एकेकाचे लोक आले. एक बाप आला आणि मुलाला छातीशी घट्ट धरून रडला. एक आजी आली, आधी धपाटा घातला आणि मग मुका घेतला. शेवटी झिपऱ्या मुलीची आई आली. मुलगी "आई गं!" अशी किंचाळली आणि तिच्या गळ्यात पडली. खारू ते टक लावून बघत होता. त्या दोघी बाहेर गेल्या. त्याने दारापर्यंत जाऊन पडदा सारून पाहिलं, त्या खरंच गेल्या ना. मग परत आला आणि धाकटीच्या रिकाम्या मांडीवर चढला.

"गेली सगळी," तो म्हणाला. "आई, आता चालेल ना?"

जॅकेटवालीने तोंड फिरवलं आणि जॅकेटच्या बाहीने नाक पुसलं. "न्या हो," ती म्हणाली. "न्या त्याला."

बाहेर सगळं खटलं उभंच होतं. नवरा चहाच्या गाड्यावरून धावत आला होता. तो पुढे आला आणि खारूला घ्यायला हात केले, पण धाकटीने त्याला दिलं नाही. थोरलीने सुटकेचा श्वास सोडला. "सापडला ना? मग झालं! काळीज हललं माझं. घे गं जरा ह्याला," म्हणून तिने बाळ पुढे केलं, "मघापासून नुसता किरकिर करतोय. तुझ्याकडेच राहतो तो."

"नाही घेत," धाकटी म्हणाली.

थोरलीला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. "अगं, दोन मिनिटं."

"दोन मिनिटंही नाही, वहिनी. तुमचं आहे, तुम्ही घ्या. मला सवय नाही. कोणी सांगितलं मला सवय आहे? पगार मिळतो म्हणून करते मी तिथे. आज मला पगार नाही. आज मी फक्त ह्याची आहे, आणि तुम्ही सगळ्यांनी मिळून मला तेवढंही होऊ दिलं नाहीत. हसलात ना मघाशी, मावशी म्हणतो म्हणून? हसा आता."

कोणी हसलं नाही. मधलीने जुळ्यांचे हात धरले. ते जन्मल्यापासून त्यांचे हात तिने इतके घट्ट धरले नसतील. नवरा म्हणाला, "अगं, लोक बघतायत."

"बघू देत. आणि तुम्ही! तुझ्या हातातलं काम म्हणालात. तुमच्या हातात काय होतं? कप!"

हे जरा जास्तच झालं, असं पुढे नवऱ्याचं मत पडलं. धाकटीचं मत वेगळं होतं. तिला ते कमी झालं असं वाटत होतं, आणि म्हणूनच तिने खारूला कडेवर ठेवूनच फोन काढला आणि तिथेच, सगळ्यांच्या देखत, पाळणाघराच्या बाईंना लावला.

"बाई, सुट्टी संपली की खारू मला आई म्हणणार."

पलीकडे कसली तरी पार्टी चालू असावी, माणसांचे आवाज येत होते. "काय? अगं, हे आत्ता बोलायचं का? आणि आपलं ठरलंय ना. बाकीची मुलं रडतील."

"रडू देत. मी आहे ना, मी घेईन त्यांना. रडतील आणि गप्प होतील. त्यांच्या आया संध्याकाळी येतात, बाई. माझ्या मुलाची आई दिवसभर त्याच्या समोर उभी असते आणि येत नाही."

पलीकडे बाई त्या गलक्यातून जरा बाजूला गेल्या. मग जपून म्हणाल्या, "तू चिडलीयेस. सोमवारी बघू."

"सोमवारी तो आई म्हणेल," धाकटी म्हणाली. "तुम्ही बघा."

तिने फोन बंद केला. खारूने विचारलं, "बाई रागावल्या?"

"रागावल्या."

"तू पण?"

"मी पण," धाकटी म्हणाली, आणि त्याला खाली उतरवलं नाही.